ठरवणारे तुम्ही आणि करणारे तुम्ही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, हाताखाली ११ जणांची टीम. ऑफिसात तुम्ही शांत म्हणून ओळखले जाता, तिथे एकदाही आवाज चढवलेला नाही. घरी मात्र संध्याकाळी बारीकसारीक गोष्टीवरून स्फोट होतो. पहाटे पाचला उठणं, ध्यानाचं ॲप, डायरी, व्यायाम असं सगळं वर्षभरात चार-पाचदा धूमधडाक्यात सुरू केलंत आणि दरवेळी दोन-तीन आठवड्यांत बारगळलं. “दुसऱ्यांना सांभाळता येतं, स्वतःला नाही. माझ्यात शिस्तच नाही का?” असं तुम्ही विचारलंय. शिवाय त्या ॲपचे वर्षाचे पैसे भरून बसलाय, ते चालू ठेवू का, हेही.

शिस्तीपासूनच सुरुवात करते. ११ माणसांचं काम वेळेत पार पाडणाऱ्याकडे शिस्त नाही, हे मला पटत नाही. गडबड आहे ती काम नेमून देण्याच्या पद्धतीत. तुमचे संकल्प बहुधा रविवारी रात्री होतात. झोप झालेली असते, डोकं निवांत असतं, हुरूप असतो. ते पाळायचे असतात गुरुवारी सकाळी, आदल्या रात्री बाराला झोपलेल्या माणसाने. ठरवणारा वेगळा, करणारा वेगळा, आणि ठरवणाऱ्याने करणाऱ्याला एका शब्दाने विचारलेलं नाही. टीममधल्या कुणाला तुम्ही असं काम दिलं असतं का? हातात काय आहे ते न विचारता चार नव्या जबाबदाऱ्या, त्याही उद्यापासून, आणि एक दिवस चुकला की “तुझ्याने काही होणार नाही”? असा साहेब टीमने दोन आठवड्यांवर सहन केला नसता. तुम्हीही केला नाहीत.

माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे. स्वतःचं नेतृत्व करायचं तर नियम थकलेल्या माणसाला झेपतील असे करा. ताज्या माणसाला नियमांची फारशी गरज नसते.

‘स्वनेतृत्व’ ही कल्पना व्यवस्थापनशास्त्रात रुजवली ती चार्ल्स मॅन्झ या अमेरिकी अभ्यासकाने. त्याचा मुख्य लेख १९८६चा. त्यात ध्येय ठरवणं, स्वतःवर लक्ष ठेवणं, शाबासकी देणं हा भाग आहेच. पण त्याचं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही. काम असं मांडायचं की ते करताना मुळातच बरं वाटेल, आणि स्वतःशी चाललेलं बोलणं तपासायचं, हे त्यात तितकंच महत्त्वाचं आहे. लोक पहिला भाग उचलतात आणि उरलेले दोन सोडून देतात. मग स्वनेतृत्व म्हणजे स्वतःवर नेमलेला पोलीस होऊन बसतो.

इच्छाशक्तीबद्दलही एक बोलायला हवं. दिवसभर संयम ठेवला की संध्याकाळी तिचा साठा संपतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल. १९९८मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून ही मांडणी गाजली. २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तसाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम जवळपास दिसलाच नाही. वाद अजून मिटलेला नाही. म्हणून “तुमची इच्छाशक्ती सातपर्यंत संपते” असं मी कुणालाही सांगत नाही. कामाला येणारं निरीक्षण वेगळंच आहे: ज्यांचं स्वनियंत्रण चांगलं असतं, त्यांना रोजच्या जगण्यात मोहाशी झटापटच कमी करावी लागते. ते जास्त जोर लावत नाहीत, जोर लावायची वेळ कमी येईल अशी आधी व्यवस्था करतात.

आता पहाटे पाच. ते आधी रद्द करा. तुम्ही बाराला झोपता असं लिहिलंय, म्हणजे पाच तास झोप. प्रौढ माणसाला नियमितपणे किमान सात तास लागतात, हे झोपेच्या तज्ज्ञांचं एकमताने दिलेलं मत आहे. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी माणसांना १४ दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. शेवटी शेवटी त्यांचं लक्ष आणि चपळाई रात्रभर जागलेल्या माणसाइतकी घसरली होती. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आपल्याला किती झोप येतेय याचा त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसा वाढला नाही. माणूस ढेपाळत जातो आणि त्याला वाटतं, सवय झाली. “मला पाच तास पुरतात” असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांबाबत मी म्हणूनच साशंक असते. लवकर उठण्याचं कौतुक करणाऱ्यांनी आधी लवकर झोपण्याचं बोलावं. तुम्हाला पाचला उठायचंच असेल तर दहाला आडवे व्हा. ते जमणार नसेल तर सातला उठा आणि त्याबद्दल स्वतःला अपराधी समजू नका.

मग संध्याकाळ. खरा प्रश्न तिथे आहे, आणि तुम्ही उपाय मात्र सगळे सकाळचे शोधलेत.

मी लोकांना एक नोंद ठेवायला सांगते. डायरी नव्हे; डायरीत माणूस स्वतःची बाजू मांडत बसतो. ही नोंद उलटी लिहायची. स्फोट झाला की तो एका ओळीत, मग त्याआधी काय होतं, त्याआधी काय, असं मागे मागे जायचं. एका विभागप्रमुख बाईंच्या वहीतली एक नोंद देते. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असं सगळं काढून:

“६.५०. मुलाने दप्तर दारातच टाकलं. ओरडले.
त्याआधी: जबडा आवळलेला. जिना चढतानाही तसाच होता.
त्याआधी: परतीच्या वाटेवर फोनवर एक मेल वाचली. उत्तर मनात लिहीत होते.
त्याआधी: चारची मीटिंग. माझा मुद्दा दोनदा बाजूला सारला. हसून सोडून दिलं.”

दोनेक आठवड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा त्यांचं त्यांनाच दिसलं. वरची ओळ रोज बदलत होती: दप्तर, बूट, चालू राहिलेला टीव्ही, नवऱ्याचा साधासा प्रश्न. खालच्या ओळी जवळपास त्याच. आवळलेला जबडा, मनात अर्धवट लिहिलेलं उत्तर आणि दिवसा हसून सोडून दिलेली एखादी गोष्ट. भांडण मुलाशी नव्हतंच. मग रागावर कामच करायचं नाही असं आम्ही ठरवलं. काम केलं ते मेलवर आणि चारच्या मीटिंगवर.

मेलचं आधी सांगते, ते सोपं आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९मध्ये दाखवलं की एक काम अपुरं टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही अंश पहिल्यातच अडकून राहतो. पुढे तिनेच एका सहकाऱ्याबरोबर असंही दाखवलं की काम सोडताना, परत आल्यावर नेमकी कुठून सुरुवात करायची हे मिनिटभरात लिहून ठेवलं, तर हे अडकणं कमी होतं. त्या बाई आता खुर्चीतून उठण्याआधी कागदावर दोन ओळी लिहितात: काय राहिलं, आणि उद्या पहिलं वाक्य काय लिहायचं. वाटेत मेल उघडायची नाही, हा नियम त्यांनी केला नाही. फोन पिशवीच्या तळाशी ठेवायला सुरुवात केली, एवढंच. हात पोचेपर्यंत आपण काय करतोय हे लक्षात येतं.

मीटिंगचा भाग अवघड, आणि तुमच्या बाबतीत मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. “ऑफिसात एकदाही आवाज चढवला नाही” हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. अभिमान रास्त आहे, पण मी त्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाकीन. शांत असणं वेगळं आणि शांत दिसणं वेगळं. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, अप्रिय दृश्य पाहताना चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्यांना आतून कमी वाईट वाटलं नाही; उलट त्यांच्या शरीरावरचा काही ताण वाढलेला आढळला. तुम्ही दिवसभर सात-आठ वेळा हसून सोडून देत असाल, तर ते सुटत नाही, तुमच्याबरोबर घरी येतं. आणि घरी ते बाहेर पडतं, कारण तिथे नोकरी जाण्याची भीती नसते. जवळच्या माणसांवर आपण जास्त चिडतो यात हा हिशेब बराच असतो.

यावर ऑफिसात आरडाओरडा हा उपाय नव्हे. छोटी नाराजी छोटी असतानाच बोलून टाकायची. “हा मुद्दा मला पटलेला नाही, उद्या दहा मिनिटं बोलू.” आवाज तोच, चेहरा तोच, फक्त गोष्ट गिळायची नाही. अशा वाक्याची सवय नसेल तर पहिल्यांदा घशात अडकतं. समोरचा बहुतेक वेळा “बरं” म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. इतक्या साध्या गोष्टीला आपण वर्षभर घाबरत होतो, याचाच मग राग येतो. तोही चालेल.

नोंद लिहिताना ‘चिडलो’ या एका शब्दावर थांबू नका. चिडण्याच्या पोटात काय होतं ते लिहा: दुर्लक्ष झाल्यासारखं वाटलं, लाज वाटली, भीती वाटली, की नुसता थकवा? २००७मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की धोक्याला चटकन प्रतिसाद देणाऱ्या ॲमिग्डाला या भागाची हालचाल मंदावते. म्हणून मी शब्दांचा आग्रह धरते. नेमका शब्द सापडला की उपायही बदलतो. लाज वाटलेल्या माणसाला दीर्घ श्वासाने फारसं काही मिळत नाही, कुणाशी तरी बोलावं लागतं. थकलेल्याला बोलायला नको असतं, झोपायला हवं असतं.

आता ध्यान. सजगतेच्या (माइंडफुलनेस) सरावाला वैद्यकीय क्षेत्रात वाट मिळाली ती जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या अभ्यासक्रमामुळे. त्यानंतर संशोधन भरपूर झालं, पण सगळं सारख्या दर्जाचं नाही. २०१४मध्ये ४७ चाचण्या एकत्र तपासणारा एक आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा माफक उपयोग होतो, इतपत पुरावा त्यात सापडला. एकाग्रता वाढते, झोप सुधारते, सकारात्मकता येते या दाव्यांसाठी पुरावा तोकडा होता. माफक म्हणजे निरुपयोगी नव्हे. फक्त पी हळद हो गोरी या अपेक्षेने बसू नका. काही जणांना डोळे मिटून बसलं की जास्तच अस्वस्थ वाटतं. तुमचं तसं होत असेल तर डोळे उघडे ठेवा, तळपायांकडे लक्ष द्या किंवा चालताना करा.

“मन एक मिनिटही टिकत नाही, म्हणजे मला ध्यान जमत नाही” असं तुम्ही लिहिलंय. मन भरकटणं हा त्या सरावातला बिघाड नाही. भरकटलं, लक्षात आलं, परत आणलं: सराव तो एवढाच. वीस मिनिटांत पन्नास वेळा भरकटलात आणि पन्नास वेळा लक्षात आलं, तर पन्नास वेळा सराव झाला. संध्याकाळी जबडा आवळला जातोय हे जिन्यातच लक्षात येण्यासाठी हेच तर शिकायचं असतं.

तुम्हाला मी वीस मिनिटं सुचवणार नाही. दिवसाचे सांधे धरा. काम संपून घर सुरू होतं तो सांधा, मीटिंग संपून पुढची सुरू होते तो सांधा. तिथे तीन श्वास, सोडतानाचा श्वास घेतानापेक्षा लांब. आणि ते ‘जमेल तेव्हा’ नको. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात ‘जर-तर’ पद्धतीचा संकल्प मांडला. २००६मध्ये त्यावरच्या ९४ अभ्यासांचा आढावा आला आणि त्याचा चांगला ठळक परिणाम दिसला. संकल्प असा हवा: “दारापाशी किल्ली हातात आली की मी थांबतो, तीन श्वास घेतो, मग कुलूप उघडतो.” प्रसंग डोळ्यांना दिसणारा हवा आणि कृती हाताने करता येण्यासारखी हवी. “आजपासून चिडणार नाही” यात दोन्ही नाही. न करण्याचा संकल्प थकलेल्या माणसाच्या काही उपयोगाचा नसतो, कारण त्या क्षणी काय करायचं हे त्यात सांगितलेलंच नसतं.

हे अंगवळणी पडायला किती दिवस लागतील? २१ दिवस हा आकडा डोक्यातून काढा. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६०च्या लिखाणात आहे. बदललेला चेहरा सवयीचा व्हायला रुग्णांना किमान साधारण तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. ‘किमान’ आणि ‘साधारण’ पुढे गळून पडले. सवयीवरचा बराच नेटका अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा. ९६ माणसं, १२ आठवडे, प्रत्येकाने एक साधी गोष्ट रोज एका ठरलेल्या प्रसंगी करायची. ती आपोआप होऊ लागण्याचा मध्यम काळ निघाला ६६ दिवस. व्यक्तीगणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). तेव्हा तिसऱ्या आठवड्यात तुम्ही सोडून देत होता, ते सवय लागायची वेळ यायच्या कितीतरी आधी.

त्याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते चुकल्यानंतर आपण जे करतो त्याने. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुप्पट करता, असं लिहिलंय. ती शिक्षा आहे, आणि पुढचा दिवस त्यामुळे आणखी जड होतो. २०१२मधल्या एका प्रयोगात अवघड परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःशी समजुतीने वागायला सुचवलं. पुढच्या परीक्षेसाठी त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःला सूट दिली की माणूस सैलावतो ही भीती निदान तिथे तरी खोटी ठरली. चुकलं तर नोंदीत ‘चुकलं’ एवढं लिहा, चौकशी बसवू नका.

म्हणून एकच गोष्ट उचला, ती दारापाशी थांबण्याची, आणि तिचं माप वाईट दिवसाचं ठेवा. चांगल्या दिवशी दहा श्वास घ्यायला कुणी अडवलेलं नाही, पण ठरलेले तीनच. व्यायामाचंही तसंच: ठरलेलं म्हणजे दहा मिनिटं चालणं. दोन महिने डायरी नको, फक्त ती उलटी नोंद, तीही घटना घडली तरच.

समतोलाबद्दल फार लिहीत नाही. आयुष्याचं वर्तुळ काढून त्याच्या आठ फाकांना गुण देण्याचा तो प्रकार मला फारसा आवडत नाही. सगळ्या फाका सारख्या भरल्या पाहिजेत असं उगाच वाटू लागतं. एखाद्या महिन्यात कामच जास्त असेल, एखाद्यात घरचं आजारपण. त्यात बिघडलेलं काही नाही. झोप, शरीराची थोडी हालचाल आणि ज्याच्याशी खरं बोलता येईल असा एक माणूस, या तिन्हींतलं एकही सलग काही आठवडे शून्यावर गेलं की मात्र मी सावध होते.

एक गोष्ट याच्या उलट दिशेची. तुमची चिडचिड तुमची नसून कामाच्या बोजाची असण्याची शक्यता तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला व्यक्तीचा आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी अवस्था म्हटलं. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची तीन अंगं. ही तिन्ही तुम्हाला ओळखीची वाटत असतील तर दारापाशी कितीही श्वास घ्या, पुरणार नाहीत. वरिष्ठांसमोर बसून कामाची यादी ठेवावी लागेल आणि यातलं काय थांबवायचं हे विचारावं लागेल. जादा कामावर सजगतेच्या कार्यशाळेचं पांघरूण घालणाऱ्या संस्था आहेत. त्यांना हातभार लावू नका. आणि उदासपणा, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

राहिलं ॲप. त्यातली तीन मिनिटांची श्वासाची ध्वनिमुद्रणं उपयोगी पडत असतील तर वापरा. सलग दिवस मोजणारा आकडा आणि सततच्या आठवणी बंद करून टाका. तुमच्यासारख्या माणसाला तो आकडा शून्यावर आला की सगळंच गेल्यासारखं वाटतं, आणि नेमकं तेच आपल्याला नकोय. पैसे भरलेत म्हणून रोज उघडायलाच हवं असं काही नाही. नूतनीकरण आपोआप होणार असेल, तर ते मात्र आजच बंद करून ठेवा.